मोहनगडाची वाट लिहिताना

पुण्याच्या नैर्ऋत्येला, हिरडस मावळात, नीरा नदीच्या उगमाजवळ मोहनगड उभा आहे. गावातली माणसं त्याला जननीचा डोंगर म्हणतात, कारण माथ्यावर जननीदेवीचं देऊळ आहे. १६५९ साली शिवाजी महाराजांनी बाजीप्रभू देशपांड्यांना पत्र पाठवून या मावळातला एक ओस पडलेला गड पुन्हा वसवायला आणि त्याला मोहनगड नाव द्यायला सांगितलं होतं. तो गड म्हणजे हाच डोंगर, असं अभ्यासक मानतात. एवढा इतिहास पाठीशी असूनही पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांच्या वेळापत्रकात हे नाव क्वचितच दिसतं. रविवारी सिंहगडावर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि इथे दिवसभरात एखादा गुराखी भेटला तर भेटला.

गेली काही वर्षं मी अशा कमी वर्दळीच्या डोंगरांच्या वाटा चालून, नीट लिहून ठेवते आहे. शक्य तिथे पायथ्यापर्यंत सायकलने जाते आणि तो रस्ताही लिहिते. मोहनगडाची वाट कागदावर उतरेपर्यंत काय काय करावं लागलं, ते इथे सांगते. कुणाला आपल्या आवडत्या डोंगराची अशी नोंद करायची असेल तर उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाट लिहायची ती उतरणाऱ्या माणसासाठी. चढताना डोंगर आपली काळजी घेतो. सगळ्या सोंडा, सगळ्या धारा वर जाऊन एकत्र येतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी माणूस माथ्याच्या जवळपास पोचतो. उतरताना याच्या बरोबर उलट होतं. एकेक धार फुटत जाते, प्रत्येक फाट्यावर निवड करावी लागते, आणि चुकीची सोंड धरली तर ती कड्यावर नेऊन सोडते. त्यात पाय थकलेले, पाणी संपत आलेलं, उजेड उतरलेला. सह्याद्रीत माणसं हरवल्याच्या ज्या हकिगती ऐकल्या आहेत, त्यातल्या बहुतेक परतीच्या वाटेवरच्या आहेत. आणि वाचायला जे मिळतं त्यात चढाईची वर्णनं भरभरून असतात, शेवटी ‘आल्या वाटेने खाली उतरलो’ एवढं एक वाक्य.

हे मला शिकवलं ते स्कीइंग करणाऱ्या मैत्रिणीने. ती कोथरूडची. हिवाळ्यात मनालीकडे जाते, सोलंगच्या वरच्या पतालसूसारख्या चार हजार मीटरच्या पलीकडच्या, फारशा प्रसिद्ध नसलेल्या शिखरांच्या उतारांवर. वर जाताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाच्या पट्ट्या लावतात. त्या पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. वर पोचल्यावर त्या काढायच्या आणि उतरायचं. तिच्या वहीत चढाईला चार ओळी आणि उताराला दोन पानं असतात. उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे, त्यावर ऊन किती वाजता येतं, कोन किती. बर्फाचा अख्खा थर सुटून होणारे हिमप्रपात बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणून कोन लिहिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. बर्फ आपल्याकडे नाही, पण तिच्या वहीतला क्रम मी तसाच्या तसा उचलला.

मोहनगडाचं काम सुरू झालं ते घरात, नकाशावर. माझ्या काकांकडे सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने कागदी नकाशे आहेत, कापडावर चिकटवलेले, घड्यांवर विरलेले. पुणे शहर ४७ एफ/१४ क्रमांकाच्या नकाशावर, तोरणा ४७ एफ/११ वर आणि आपला डोंगर त्याच्या खालच्या ४७ एफ/१२ वर. २००५च्या नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुली मालिका आली, तिचे आपल्या भागातले क्रमांक ई४३ ने सुरू होतात, आणि त्या पीडीएफ सर्व्हेच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. तरी काकांनी आधी कागदच पुढ्यात पसरला. ‘‘मोबाइलवर तुला डोंगर दिसेल, पण डोंगराचे शेजारी दिसणार नाहीत,’’ म्हणाले. ते खरं आहे. पूर्वेला नीरा देवघरचं पाणी, पश्चिमेला वरंध घाट आणि कावळ्या किल्ला, उत्तरेला राजगड-तोरणा, आग्नेयेला रायरेश्वर, हे सगळं एका नजरेत आल्यावर मोहनगडाची बैठक समजली.

५०,००० ला एक या प्रमाणातल्या या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या असतात. सह्याद्रीत हे फार जपून वाचावं लागतं. आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा, एकावर एक रचलेला. कठीण थर उभा कडा होऊन राहतो, मऊ थर झिजून त्याच्या पायाशी पदर तयार होतो. म्हणून रेषा एका पट्ट्यात चिकटून येतात, मग एकदम सुट्या होतात. चिकटल्या तिथे कडा, सुटल्या तिथे पदर किंवा पठार. पण पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो. नकाशावर निवांत दिसणारी धार प्रत्यक्षात दोर मागते ती याच कारणाने. मोबाइलवरच्या बऱ्याच नकाशांची उंची २००० साली अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीवरून आलेली असते, तिचा एक ठिपका साधारण तीस मीटरचा. त्यात तर छोटे कडे गुळगुळीत होऊन जातात. तेव्हा घरी बसून मी फक्त शक्यता लिहिते. कुठल्या सोंडा माथ्याला जोडलेल्या दिसतात, खिंड कुठे आहे, पदरातून आडवी मारता येईल असं कुठे वाटतं. आणि प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह.

वेळेचा अंदाजही याच टप्प्यावर काढते. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्याकडे पाठीवर सॅक आणि मार्चचं ऊन धरलं तर तो कमी पडतो. मी दीडपट धरते आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ मोकळा ठेवते. मुरमाड घसाऱ्यावर उतरणं चढण्यापेक्षा लवकर होतं, हा समज मला धोक्याचा वाटतो.

मग सायकल. पहाटे शहर जागं व्हायच्या आत जुन्या कात्रज घाटाला लागायचं. महामार्गाच्या नव्या बोगद्यापेक्षा जुना बोगदा सायकलला कितीतरी बरा. तिथून खेड शिवापूर, आणि कापूरहोळला महामार्ग सोडला की भोरचा रस्ता. हा तुकडा मनापासून आवडतो. ट्रकांचा गोंगाट मागे पडतो, शेतं जवळ येतात आणि पुढे भाटघर धरण दिसतं, १९२८ सालचं. पुणे ते भोर हे पन्नास-पंचावन्न किलोमीटर ताज्या पायांनी सहज होतं. खरी सायकल भोरनंतर सुरू होते. निगुडघरच्या पुढे नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता वर-खाली होत राहतो. एकही चढ मोठा नाही, पण एकही संपत नाही. उन्हाळ्यात सावलीचे तुकडे मोजके आहेत, ते मी नोंदले, कारण उलट्या दिशेने दुपारी येणाऱ्याला तेच लागणार. आणखी एक नोंद सगळ्यांनी घ्यावी: भोर सोडल्यावर पंक्चरचं दुकान मिळेल यावर विसंबू नये. दोन ट्यूब, पंप, चेनची एखादी जोडकडी जवळ असलेली बरी. पावसाळ्यात वरंध घाट दरडींमुळे वाहतुकीला अनेकदा बंद ठेवतात, तेव्हा जायच्या आधी भोरला चौकशी करावी.

सायकल आणि चढाई एकाच दिवशी करण्याचा मोह होतो. माझं मत विचाराल तर करू नये. वाटेवरच्या हिरडोशी गावापर्यंत पोचताना मांड्यांतला जोर गेलेला असतो आणि तो नेमका उतरताना आठवतो. मी पायथ्याच्या शिरगावात एका घरी मुक्काम केला. गावात नीरेचा उगम आहे, नीरबावी म्हणतात त्याला. संध्याकाळी तिथे पाण्याला आलेल्या मावशींपासून माझी चौकशी सुरू झाली.

गावात विचारायचीही एक रीत आहे. ‘वाट आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘हाय की’ येतं, आणि ते खोटं नसतं. त्या माणसाने ती वाट पाहिलेली असते, पण वीस वर्षांपूर्वी. म्हणून मी विचारते, ‘‘मावशी, तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात देवीला?’’ आणि पाण्याचं विचारताना महिने सांगत नाही, सण सांगते. पाणी होळीला असतं का? अक्षय तृतीयेला? उत्तर लगेच आणि नेमकं मिळतं.

‘‘शिमग्यापातूर असतंय टाक्यात,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘फुडं नाय सांगता येत. आन् खालच्या रानातली वाट बगून जा, लई माजलंय.’’

घरातले मामा ओटीवर बसून ऐकत होते. त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्या नकाशात सापडलं नसतं. ‘‘पूर्वी दोन्ही अंगानं गुरं चढायची. आता गुरंच ऱ्हायली न्हाईत. पोरं पुन्याला, ममईला. गुरांच्या पायानं वाट ऱ्हाती बाई, मान्सांच्या न्हाई.’’

पुढच्या प्रत्येक डोंगरावर हे पडताळून पाहिलं आहे. आपण ज्याला ढोरवाट म्हणून बाजूला सारतो, तीच खऱ्या वाटेची राखणदार असते. गोठे रिकामे झाले की दोन-तीन पावसाळ्यांत कारवी आणि करवंदीच्या जाळ्या तोंड बुजवून टाकतात. या वाटा आत्ता लिहून ठेवल्या नाहीत तर त्या माहीत असलेली शेवटची पिढी आपल्या डोळ्यांसमोर ओटीवरून उठून जाईल, ही माझी खरी घाई आहे.

सकाळी उजाडताच निघाले. मामांचा पुतण्या वाटाड्या म्हणून बरोबर होता. अनोळखी डोंगरावर पहिल्यांदा जाताना गावातलं माणूस घ्यावंच, आणि त्याच्या दिवसाची मजुरी आपण होऊन, न घासाघीस करता द्यावी.

पहिला टप्पा झाडीतला. जीपीएसवर चाललेल्या वाटेची रेघ उमटत होती, पण दाट झाडीत आणि कड्याच्या कुशीत उपग्रहांचे संकेत कातळावर आपटून येतात, रेघ नागमोडी होते आणि आपण पंचवीस-तीस मीटर भलतीकडे दिसतो. म्हणून रेघेवर न विसंबता मी खुणा लिहिते. हललेला दगड, सुकलेलं झाड, रंगाची खूण या गोष्टी टिकत नाहीत. कातळातली कपार, दोन ओढ्यांचा संगम, खिंडीतला मोठा खडक टिकतो. आणि प्रत्येक खुणेपाशी मागे वळून उभी राहते, परत येताना ती जागा कशी दिसेल त्याचा फोटो काढते. वाटाड्याला सुरुवातीला नवल वाटलं. तिसऱ्या-चौथ्या फाट्याला तोच आधी थांबून मागे बघायला लागला.

उजवीकडे, डावीकडे हे शब्दही मी शक्यतो टाळते, कारण परतताना ते उलटतात आणि दमलेल्या डोक्याला उलटवता येत नाहीत. त्याऐवजी ‘दरी डाव्या हाताला ठेवून उतरावं’ किंवा ‘देवळाकडे पाठ करून समोरची धार’ असं लिहिते. वाचणारा कुठे तोंड करून उभा आहे हे एकदा ठरलं की चूक होत नाही.

झाडी संपल्यावर कातळ लागतो आणि कोरलेल्या पायऱ्या. इथे मी बराच वेळ घालवला. पायऱ्या सलग नाहीत. काही तर पायाचा पुढचा भाग मावेल एवढ्याच खोबण्या, मध्यभागी झिजून बशीसारख्या खोल झालेल्या. त्या खळग्यांत पावसाने आणून टाकलेली बारीक लाल माती आणि वाळलेलं गवत साचलेलं होतं. ते हाताने झाडलं की खालचा कातळ चढायला पक्का, पण तसंच पाऊल ठेवलं तर ती माती खालून सरकते. चढताना हात टेकलेले असतात, म्हणून कळतही नाही. उतरताना टाच पडते ती नेमकी त्या मातीवर. मी लिहिलं: ‘चढतानाच प्रत्येक खोबणी साफ करत जावं, उतरताना कातळाकडे तोंड करावं.’ माझ्या मते या डोंगराच्या नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे.

माथ्यावर देऊळ, पाण्याची टाकी आणि चौफेर दृश्य. राजगडाच्या माच्या, तोरण्याचा लांब पसारा, रायरेश्वराचं पठार, नैर्ऋत्येला मंगळगड. खाली देवघरचं पाणी डोंगरांच्या बोटांत शिरलेलं. देवीपुढे नारळ ठेवून वाटाड्या सावलीला बसला आणि मी मोजामोजीला लागले. टाक्याची खोली गाठी मारलेल्या दोरीने मोजते, पाण्याचा रंग आणि वास लिहिते, तारीख टाकते. तारखेशिवाय पाण्याच्या नोंदीला काही अर्थ नाही. उंचीच्या आकड्यातही खबरदारी लागते. जीपीएस मुळात उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, आणि आपल्या भागात त्या आकारात आणि समुद्रसपाटीत साठ-सत्तर मीटरांचा फरक पडतो. काही उपकरणं तो भरून काढतात, काही काढत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी नकाशावर उंची दिलेल्या एखाद्या जागी आपलं यंत्र काय दाखवतं ते पाहून घ्यावं.

कड्याच्या पोटात आग्या मोहोळ आहेत का, हे दुर्बिणीने पाहून लिहिते. पोळं उठून गेलं तरी आग्या माश्या पुन्हा त्याच जागी येतात, त्यामुळे ही नोंद अनेक वर्षं कामाची. अत्तर, धूर, आरडाओरडा नको, हे त्या नोंदीखाली प्रत्येक वेळी लिहावं लागतं आणि मी कंटाळा करत नाही.

पहिली नोंद तयार झाली तरी ती अपुरी असते, कारण ती एकाच ऋतूतली असते. दिवाळीच्या सुमारास गवत छातीपर्यंत असतं, त्यात ठळक वाटही दिसत नाही. फाल्गुनात तेच गवत वाळून झोपतं किंवा वणव्यात जळतं, आणि नसलेल्या वाटाही दिसायला लागतात. त्या काळ्या उतारावर दहा पायवाटा फुटल्यासारख्या वाटतात. म्हणून मी दोन्ही ऋतूंत जाऊन एकाच नोंदीत दोन रकाने करते.

आणि मग परीक्षा. हा डोंगर कधी न पाहिलेल्या एका मित्राच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, तू पुढे, मी मागे, मी बोलणार नाही. धोका दिसला तर तेवढं थांबवीन. चढताना तो सहज गेला. उतरताना झाडीच्या तोंडाशी जिथे दोन ढोरवाटा एकसारख्या मळलेल्या आहेत, तिथे तो थांबला, कागद पुन्हा वाचला, चार पावलं एकीकडे गेला, परत आला. मी गप्प. मग त्याने कागदावरून डोकं वर केलं, खालचा ओढा ऐकला आणि पाण्याच्या आवाजाकडची वाट धरली. ती बरोबर होती. पण उन्हाळ्यात तो ओढा आवाज करणार नाही. तिथेच बसून त्या फाट्याच्या तीन ओळी आम्ही दोघांनी मिळून लिहिल्या. दुसऱ्याच्या पायांनी तपासल्याशिवाय कुठलीही वाट पुढे देऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

सगळं झाल्यावर रेघ साफ करून ओपनस्ट्रीटमॅपवर चढवली. २००४ पासून जगभरची माणसं मिळून हा नकाशा बनवताहेत. वाट कितपत ठळक आहे आणि किती अवघड आहे, हे सांगायची सोय त्यात आहे. ती मी काटेकोर भरते. पुसट वाटेला ठळक म्हणणं म्हणजे कुणाला तरी संध्याकाळी अडकवणं. गावातल्या घरांचे फोन नंबर मात्र नोंदीत देत नाही. शिरगावात जावं, ओटीवर बसावं, विचारावं. तेवढा वेळ ज्याच्याकडे नाही त्याने या डोंगरावर जायची घाई करू नये.

नोंद दिल्यानंतर चैत्रात जाऊन आलेल्या एका ट्रेकर दादांनी कळवलं, की टाक्यात हातभर गाळ आणि वर पाण्याचा नुसता पापुद्रा होता. मावशी ‘फुडं नाय सांगता येत’ म्हणाल्या होत्या, त्याची ही भर. मी त्यांना टाक्याचा फोटो मागितला, तारीख विचारली आणि ओळ बदलली. आता तिथे असं आहे: ‘शिमग्यानंतर टाक्यावर अवलंबून राहू नये. माणशी चार लिटर पाणी गावातूनच न्यावं, त्यातलं दीड लिटर उतरण्यासाठी राखून.’